बसक्या नाकाचं कुत्रं

दहाव्याला कावळा शिवेना.

पोंभुर्ण्याच्या घाटावर, अंधारी नदीच्या वाळूत पळसाच्या पानावर पिंड ठेवून पाऊण तास होऊन गेला होता. मे महिन्याचं ऊन नऊ वाजताच चटके देत होतं. पलीकडच्या काठावर येनाच्या झाडात पाच-सहा कावळे बसले होते, पण गुणवंतरावांशी आपली कधी ओळखच नव्हती अशा थाटात. महाराजांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"काही राह्यलं असन भाऊच्या मनात," वामनराव म्हणाले. "बोला एकेक जन. निकेश, तू पह्यले."

निकेश ओल्या धोतरात, तासलेलं डोकं खाली घालून पुढे झाला. "बाबा, आईची काळजी करू नोका. मी पाहीन आईले."

कावळे जागचे हलले नाहीत.

"कसा पाहशीन थे सांग," मागून कोणीतरी म्हणालं. "नागपूरवरून पाहशीन का इथी येऊन?"

निकेशनं फक्त वळून पाहिलं. मग वामनराव स्वतः पुढे सरसावले. त्यांनी घसा साफ केला. "भाऊ, बांधावरच्या मोहाचं मी सोडलं. औंदाबी अन् पुढंबी, सारा मोह तुह्या घरी." बारा वर्षं त्या एका झाडाच्या फुलांवरून दोघा भावांचं बोलणं तुटत-जुळत आलं होतं. त्याचाही काही उपयोग झाला नाही. वामनरावांचा चेहरा किंचित पडला. एवढा मोठा त्याग चारचौघांत वाया जावा, हे त्यांना रुचलं नसावं.

भाऊंना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागायचा, याची कोणाला तरी आठवण झाली. मोटारसायकल गावात धावली, खर्र्याची पुडी आली, सोडून पिंडाशेजारी ठेवली गेली. एक कावळा खाली उतरला, वाळूत चार पावलं चालला आणि परत उडून गेला.

"दर्भाचा कावळा करू," महाराज म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

पुनम बायकांबरोबर जांभळाच्या सावलीत बसली होती. शेजारी आई. अहेरीच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती, आणि या सगळ्या विधीबद्दल तिनं इतकं वाचलेलं होतं की त्यावर तासभर बोलू शकली असती: कावळा, पितर, माणसाची मागे राहणाऱ्यांना धरून ठेवायची धडपड. दर्भाचा कावळा म्हटल्यावर मात्र त्यातलं काहीच तिच्या कामी आलं नाही. गवताची काडी दुमडून बाबांना वाटेला लावायचं.

आई तिच्याकडे पाहत नव्हती. आईनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, तेही तांदूळ निवडता निवडता.

घराच्या उत्तरेकडची धानाच्या बियाण्याची खोली पुनमला रिकामी दिसली होती. जमीन नव्यानं सारवलेली, खिडकीला वाळ्याची ताटी, कोपऱ्यात पाण्याची मातीची कुंडी. "हे काय?" तिनं विचारलं. "थे निकेशच्या कुत्र्यासाठी केलं होतं तुह्या बाबानं," आई म्हणाली. "चिकूले गर्मी सहन होत नाई म्हने. मंग तुहा मेसेज आला."

निकेश आणि त्याची बायको करिष्मा यांच्याकडे दोन वर्षांपासून पग जातीचं एक कुत्रं होतं. करिष्माला आता पाचवा महिना लागला होता आणि लहान बाळाच्या घरात केस नकोत, असं निकेशनं ठरवलं होतं. कुत्रं गावी सोडू, आईबाबांना सोबत होईल, असं त्यानं बाबांना सुचवलं. बाबांनी पुनमला फोन केला. बाबा शाळामास्तर होते, पण निवृत्तीनंतर कुठलीही नवी गोष्ट तिला विचारल्याशिवाय करत नसत. युरिया कोणता घ्यावा यापासून मोबाइलचं कार्ड बदलावं का इथपर्यंत. "हे बसक्या नाकाचं कुत्रं आपल्याकडं जमन का, बाई? तू वाचून सांग."

तिनं वाचलं. दोन रात्री वाचलं आणि अकरा मुद्दे लिहून पाठवले. नाक बसकं म्हणून श्वास अपुरा, आणि चंद्रपूरचा उन्हाळा शेहेचाळीसला जातो. कातडीच्या घड्या रोज पुसाव्या लागतात, नाहीतर सडतात. डोळे बाहेर आलेले, काट्याकुट्यात फुटायची भीती. वजन पटकन वाढतं, आणि आपल्या घरी कुत्र्याला भात घालतात. जनावरांचा डॉक्टर वेळेवर मिळत नाही. गावात बिबट्या येतो, आणि हे धड पळूही शकत नाही. असं करत अकरा. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'थोडक्यात, हे कुत्रं पोंभुर्ण्याचं नाही.' ते वाक्य तिला स्वतःलाच आवडलं होतं.

बाबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'बरं. तू म्हणते तर नको.'

त्यानंतर सहाव्या दिवशी, आई मूल गावी लग्नाला गेलेली असताना, ते दुपारी ओसरीतल्या खाटेवर झोपले ते उठलेच नाहीत. पुनम आष्टीच्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या रांगेत दोन तास अडकून पोचली, तेव्हा लोक तिरडी बांधून तिचीच वाट पाहत होते.

महाराज दर्भ हातात घेत होते. पुनम उठली.

"कुठी चाल्ली?" आई म्हणाली.

ती उन्हात पुढे गेली, पिंडापाशी उभी राहिली आणि तिनं हात जोडले. आपला आवाज इतका बारीक निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाबा, चिकू इथीच राहीन. आपल्या घरी. मी चुकली."

येनाच्या झाडातून एक कावळा सुटला, सरळ पानावर उतरला आणि पिंडात चोच घालून मोकळा झाला. मागोमाग बाकीचे आले.

"कुत्र्यात जीव अडकला होता गा भाऊचा," वामनराव म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. "अन् आमी मोह सोडून बसलो."

दोघे-चौघे हसले. निकेश तिच्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत सुटका होती, आणि ती तिच्यामुळे मिळाली म्हणून थोडी कृतज्ञताही.

*

चिकू सुतकात नागपूरहून गाडीत आलेलं होतं. मागे त्याला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. दहाव्यानंतर ते एकदम घरचं झालं. भेटायला येणाऱ्या बाया आधी आईच्या गळ्यात पडून रडत आणि मग डोळे पुसून कुत्र्याकडे वळत.

"याचं नाक कुठी आहे वं?" शेजारच्या भागीरथाबाईनं विचारलं. "दारावर आपटलं का कोनी याले?"

"जातच तशी आहे, काकू," करिष्मा म्हणाली.

"जात असन. पन तोंड पाहा कसं करून राह्यलं, जसं याचाच कोनी मेला." भागीरथाबाई जरा ऐकत राहिल्या. "अन् हे घोरते. सुगंधाबाई, भाऊ गेले पन तुह्या घरचं घोरनं काई गेलं नाई."

पुनमनं दचकून आईकडे पाहिलं. आई हसली नाही, रागावलीही नाही. पण दुपारी कुत्र्याचं गोणपाट ओसरीतून उचललं गेलेलं होतं. ते आईच्या खाटेखाली दिसलं.

अकराव्या दिवशी एक वाजता वीज गेली. कूलर थांबला. निकेश आणि वामनराव तेरवीच्या सामानासाठी चंद्रपूरला गेले होते आणि नुकतेच परतून अंगणात पोती उतरवत होते. करिष्मा आतल्या खोलीत पडली होती. चिकू तिच्या मागे मागे होतं. मग कोणाच्याही लक्षात न येता ते पोत्यांच्या वासानं अंगणात गेलं. पाच मिनिटं, फार तर सात.

पुनमला आधी आवाज ऐकू आला. फाटक्या भात्यासारखा. ते उंबऱ्यात पडलं होतं, चारी पाय पसरून. जीभ तांबडी नव्हती, जांभळट झाली होती.

"ऊन लागलं," वामनराव म्हणाले आणि लगेच कामाला लागले. "कांदा आना. कांद्याचा रस तोंडात, अन् पायाले चोळा. बर्फ आहे का कोनाकडं?"

"कांदा नोका देऊ, काकाजी."

"अवं, मानसं वाचतात कांद्यानं."

"कुत्र्याले जहर होते. बर्फबी नोको. मले पानी द्या, साधं. करिष्मा, दुपट्टा ओला कर."

वामनराव कांदा हातात घेऊन तसेच उभे राहिले. पुनमनं कुत्र्याला बियाण्याच्या खोलीत नेलं आणि सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. पंजे, पोट, मांड्यांच्या आतली कातडी ती ओल्या फडक्यानं पुसत राहिली. करिष्मा सुपानं वारा घालू लागली. निकेशनं वाळ्याच्या ताटीवर बादलीभर पाणी मारलं. सगळं तिला पाठ होतं. मुद्दा क्रमांक एक आणि त्याखालचे उपाय. बाबांना ते उपायही पाठवले असते, तर ते नक्की जमवू शकले असते, असं तिच्या मनात आलं. ताटी लावायचं तर त्यांना कोणी न सांगता सुचलं होतं.

अर्ध्या तासानं जीभ तांबडी झाली. चिकूनं मान उचलली, करिष्माच्या मांडीवर ओकलं आणि झोपलं.

करिष्मा रडायला लागली. घरात मयत झालं तेव्हाही ती अशी रडली नव्हती, हे वामनरावांच्या लक्षात आलेलं दिसलं.

"मले नाई ठेवाचं याले इथी," ती म्हणाली. "ताई, सांगा ना तुमी यांना. केस केस काय लावलं. डॉक्टरनं काहीच नाई म्हटलं. मी विचारलं होतं डॉक्टरले."

"करिष्मा," निकेश म्हणाला.

"खरं सांगून राह्यली. तुमाले सकाळी फिरवायचा कंटाळा आहे."

सात वर्षांत नणंद-भावजयीचं सूत कधी जुळलं नव्हतं. करिष्माला पुनम शिष्ट वाटे, पुनमला करिष्मा उथळ. आता दोघी ओल्या जमिनीवर कुत्र्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि समोर दारात एकीचा नवरा, तोच दुसरीचा भाऊ, आणि काका उभे होते.

"ते घेऊन जा," पुनम म्हणाली. "इथी जूनपर्यंत टिकनार नाई ते."

"वा," निकेश म्हणाला. तो आवाज चढवत नसे, नागपूरच्या ऑफिसात तो ते विसरला होता. "ताई, घाटावर तू बोलली. मी नाई बोललो. पह्यले तू म्हटलं नोको, बाबांनी ऐकलं. मंग तू म्हटलं राहीन, साऱ्या गावानं ऐकलं. आता परत नोको. आमी नेमकं काय कराचं ते एकदा लिहून देशीन का?"

त्याचं बरोबर होतं. पुनम फडकं पिळून पुन्हा पंजे पुसू लागली.

"शब्द दिला तर दिला," वामनराव म्हणाले. "कावळा शिवला. सत्तर मानसानं पाह्यलं. आता भाऊले काय सांगाचं, की मजाक केली? कुत्रं मेलं तर मरन, त्याचं नशीब. पन शब्द मोडला तर थे घराले लागते. पोरगी पोटुशी आहे, थोडं समजा."

करिष्माचा सुपाचा हात थांबला.

"मी मोडते शब्द," पुनम म्हणाली. "मी दिला होता. लागलं तर मले लागन."

"असं हिशोबानं नाई लागत थे, बाई."

"मंग काय कराचं, काकाजी? रोज दुपारी याले असं मराले ठेवाचं, अन् म्हनाचं बाबाची इच्छा होती?"

"होतीच ना इच्छा. त्याइनं खोली सारवली."

"कुत्र्यासाठी नाई सारवली," आई म्हणाली.

ती कधी येऊन मागे उभी राहिली, कोणाला कळलं नव्हतं. हातात पितळी गडवा होता, कुत्र्यासाठी आणलेल्या पाण्याचा. तिनं तो खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकली.

"तुमी सारे दोन दिवसांपासून तेच करून राह्यले. कुत्र्यात जीव होता, कुत्र्यात जीव होता. त्याइले कुत्र्याचा काय शौक? जलमभर एक पाळलं नाई. शाळेत कुत्रं आलं तर डस्टर फेकून मारत."

"मंग?" निकेश म्हणाला.

आईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. तो लहान असताना तापलाय की नाही हे पाहण्यासाठी पाहायची, तसं.

"तू मांगल्या साली किती खेपा आला, बापू? दिवाळीले एक रात्र. अन् काकाच्या पोराच्या लग्नाले, थेबी मांडवातूनच परत. तुहा फोन आला तं ते मले म्हनाले, सुगंधा, हे लेकरू करिष्माचं लय लाडाचं आहे. ते इथी राह्यलं तं पंधरा दिवसातून एकडाव तरी येतीन ते दोघं, त्याले पाह्याले. त्याच्या निमतानं येतीन. मंग बाळ झालं का बाळालेबी आनतीन." ती थांबली. "म्हनून खोली केली. ठंडी पायजे म्हने. कुत्र्याले जरा काही झालं तं पोरगं परत घेऊन जाईन, मंग कायले येईन."

वाळ्याच्या ताटीतून पाणी थेंब थेंब गळत होतं. निकेशनं भिंतीकडे तोंड केलं. तासलेल्या डोक्यावर उन्हानं पडलेला लाल पट्टा पुनमला दिसला. वामनरावांनी हातातला कांदा खिशात घातला.

पुनम जमिनीवरच बसून राहिली. अकराच्या अकरा मुद्दे बरोबर होते, आजही होते. बाबांनी तिला विचारलं होतं, 'आपल्याकडं जमन का?' आणि तिनं कुत्र्याबद्दल सांगितलं होतं. तुम्हाला ते कशाला हवं आहे, एवढा एक प्रश्न तिनं उलट विचारला नव्हता. पुस्तक मागायला आलेल्या पोरांना मात्र ती रोज विचारायची: कशासाठी हवंय? त्याशिवाय ती कपाटाकडे वळतच नसे.

"तुमी मले काऊन नाई सांगितलं, आई?" ती म्हणाली.

"मी म्हटलं त्याइले, पोरीले सांगा खरं काय थे. तं म्हनाले, नोको. तिलेबी वाटन का मी टोमना मारून राह्यलो. थेबी कुठी येते."

*

तेरवी झाली. जेवणावळीत कुत्र्याचा विषय कोणी काढला नाही. शब्दाचं काय, असं वामनरावांनी एकदा हळूच विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "थो शब्द माह्या घरचा होता, भाऊजी. मी सोडला. कावळ्याचं मी पाहीन." मोहाचा शब्दही आता सुटला असं समजायचं का, हे विचारायचं वामनरावांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं, पण त्यांनी आवरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघायचं ठरलं होतं. निकेशनं पहाटेच गाडी सुरू करून एसी लावून ठेवला. करिष्मा चिकूला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून मागे बसली. आईनं खिडकीतून हात घालून त्याच्या कपाळाच्या घड्यांवरून बोट फिरवलं.

"येतो आमी, आई," निकेश म्हणाला. "पुढच्या महिन्यात. नक्की येतो." तो अजून काही म्हणणार होता. बारा-तेरा दिवसांत त्याचे गाल बसले होते आणि तो पहिल्यांदाच बाबांसारखा दिसत होता. "बाळ झाल्यावर तुले घेऊन जातो नागपूरले. आपल्याकडं गर्मी लय आहे, बाळाले..."

"हो," आई म्हणाली. "सांभाळून जा. मूलच्या पुढं जंगलात थांबू नोको."

"ताई, फोन करते मी," करिष्मा म्हणाली. तिनं तसं कधी केलं नव्हतं. पुनमनं मान हलवली.

गाडी चौकात वळली. धूळ खाली बसेपर्यंत दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या. मग आई ओसरीत येऊन खाटेवर बसली आणि वाकून खाटेखालचं गोणपाट ओढून काढलं. त्याच्यावर तांबूस, आखूड केस चिकटले होते. ते तिनं झटकलं नाही. चौघडी करून मांडीवर घेतलं.

"आता कायच्यासाठी येतीन थे?" ती म्हणाली.

पुनमच्या ओठांवर उत्तर तयार होतं. नेहमीच असायचं. रस्ता आता चांगला झालाय, मुलं बाप झाल्यावर बदलतात, निकेश मनातून हलला आहे, मीही दर पंधरा दिवसांनी येईन. एकामागून एक, नीट लावलेली. आई तिच्याकडे पाहत होती. बाबा फोनवर थांबायचे तशी थांबली होती, सांगशील ते खरं मानायच्या तयारीनं.

"माहीत नाई, आई," ती म्हणाली.

आईनं थोडा वेळ मान हलवली. मग सरकून खाटेवर जागा केली.

"बस," ती म्हणाली.